पुस्तकातली नदी आणि लोकांची नदी : नॉर्मन मॅक्लीन यांच्या कथासंग्रहाचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

अमेरिकन कथाकार नॉर्मन मॅक्लीन यांचा ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट अँड अदर स्टोरीज’ हा संग्रह १९७६ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. लेखकाचे हे पहिलेच कथापुस्तक आणि त्यांचे वय त्या वेळी त्र्याहत्तर. शिकागो विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे अध्यापन करून १९७३ मध्ये ते निवृत्त झाले होते. न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले होते. त्यांपैकी एकाचा आक्षेप कथांमध्ये झाडे आहेत असा होता, ही आठवण मॅक्लीन यांनीच नोंदवून ठेवली आहे. विद्यापीठाच्या संस्थेनेही तोपर्यंत नवे कथासाहित्य कधी छापलेले नव्हते. १९७७ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी या पुस्तकाची शिफारस केली, परंतु नियामक मंडळाने त्या वर्षी कथासाहित्याचे पारितोषिक कोणालाच दिले नाही. पुढे १९९२ मध्ये रॉबर्ट रेडफर्ड यांनी शीर्षककथेवर चित्रपट काढला आणि मोंटाना राज्यातील ब्लॅकफूट ही नदी जगभरच्या मासेमारांचे जणू तीर्थक्षेत्र बनली.

या लोकप्रियतेत एक गोष्ट हरवली. संग्रहात तीन कथा आहेत. वाचल्या, शिकवल्या आणि चित्रित केल्या गेल्या त्यांपैकी एकीच्याच आधारे. शीर्षककथा स्वतंत्रपणे वाचली असता नदी ही एका कुटुंबाला लाभलेली कृपा वाटते. ती कोणाच्या मालकीची, तिच्या काठचे जंगल कोणी तोडले, तिच्या उगमाशी काय साठले आहे, हे प्रश्न त्या कथेत उद्भवत नाहीत. उरलेल्या दोन कथांत मात्र कंपनीचे जंगल आहे, सरकारचे जंगल आहे, आणि दोन्हींत राबणारी माणसे आहेत. निसर्गरक्षणाच्या चळवळीने ज्या कथेला आपला पवित्र ग्रंथ मानले तिच्यापेक्षा, जिच्याकडे दुर्लक्ष केले ते अर्धे पुस्तक त्या चळवळीच्या अधिक उपयोगाचे आहे, या दृष्टीने प्रस्तुत लेखात संग्रहाचे वाचन केले आहे.

माशी, आमिष आणि सीमारेषा

फ्लाय फिशिंग हा प्रकार मराठी वाचकाला फारसा परिचित नाही. गांडूळ किंवा कणकेची गोळी गळाला लावून तो पाण्यात सोडून बसणे ही आपल्याकडची सर्वपरिचित रीत. फ्लाय फिशिंगमध्ये गळाभोवती पिसे, जनावरांचे केस आणि दोरा गुंडाळून एखाद्या कीटकाची प्रतिकृती बांधली जाते. या नकली माशीला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती भिरकावता येत नाही. भिरकावायची असते ती जड दोर, आणि दोर उलगडत गेली की तिच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते. हे साधण्यासाठी लवचीक काठी ठरावीक लयीत मागेपुढे हलवावी लागते. शीर्षककथेतील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक असलेला पिता आपल्या दोन मुलांना ही कला तालमापकाच्या ठोक्यांवर शिकवतो : चार मात्रांचा ठेका, आणि काठी घड्याळातल्या दहा व दोन या आकड्यांच्या दरम्यान. ईश्वराची कृपा कलेतून येते आणि कला सहजासहजी येत नाही, ही त्याची श्रद्धा आहे. प्रार्थना आणि मासेमारी यांत या घराने फारसा भेद केलेला नाही.

या धर्माला पाखंडीही आहेत. सतराव्या शतकात मासेमारीवर अजरामर ग्रंथ लिहिणाऱ्या आयझॅक वॉल्टनलाही धाकटा भाऊ पॉल थट्टेने बाद ठरवतो, कारण तो दुसऱ्या पंथाचा होता आणि गळाला आमिष लावीत असे. कथेतील खरा पाखंडी म्हणजे निवेदकाचा मेहुणा नील. पश्चिम किनाऱ्यावरून आलेला, फाजील नटलेला, खोटे बोलणारा हा तरुण कॉफीच्या लाल डब्यात गांडुळे भरून नदीवर येतो. मासे तर पकडत नाहीच. उलट भावांनी थंड होण्यासाठी नदीत ठेवलेली बिअर पिऊन टाकतो आणि उघड्या अंगाने वाळूत झोपून भाजून निघतो. हा प्रसंग अत्यंत विनोदी आहे. तथापि विनोदाखालचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. नदीवर कोण शोभतो आणि कोण नाही, याचा निवाडा येथे कौशल्यावरून आणि जन्मगावावरून होतो. मिझुला गावापासून जितके दूर जावे तितकी नालायकांची संख्या वाढत जाते, असा या कुटुंबाचा हिशेब आहे. अमेरिकेतील पुढच्या काळच्या नदीवादात हीच भाषा दोन्ही बाजूंनी वापरली गेली : बाहेरून येऊन काठच्या जमिनी विकत घेणाऱ्या धनिकांविरुद्ध स्थानिकांनी, आणि सुट्टीत गांडुळांचा डबा घेऊन येणाऱ्या साध्या माणसांविरुद्ध निष्णात मासेमारांनी. नदी सर्वांची म्हणायची असेल तर ती नीलचीही आहे, हे कथेच्या चाहत्यांना मानवण्यासारखे नाही.

कथेचे खरे पर्यावरणीय मूल्य श्रद्धेत शोधण्याऐवजी तिच्यातील पाहण्याच्या शिस्तीत शोधावे लागते. निवेदकाला एका प्रसंगी मासे लागत नाहीत. मग तो काठावर मरून पडलेल्या एका किड्यावरून पाण्यावर कोणती माशी उडते आहे हे ओळखतो आणि त्या जातीची नकली माशी बांधतो. ही माशी स्टोनफ्लाय. तिच्या अळ्या वाहत्या पाण्याच्या तळाशी दगडांखाली एक ते तीन-चार वर्षे वाढतात आणि मग पाण्याबाहेर रांगत येऊन त्यांना पंख फुटतात. या अळ्यांना थंड, भरपूर प्राणवायू असलेले, स्वच्छ पाणी लागते. प्रदूषण त्यांना सर्वांत आधी मारते. म्हणूनच नदीच्या प्रकृतीची तपासणी करणारे जीवशास्त्रज्ञ मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तीन गटांची मोजदाद करतात. ज्या किड्याची नक्कल करण्यात या घराण्याची कला पणाला लागते तोच किडा पाण्याच्या निर्मळपणाचा दाखला आहे. मॅक्लीन हे सांगत नाहीत. त्यांना सांगण्याची गरजही नाही; १९३७ च्या उन्हाळ्यातील त्यांच्या नदीवर स्टोनफ्लायचे थवे गृहीत आहेत. गृहीत असलेल्या गोष्टी नोंदवताना लेखक किती अचूक राहतो यावर त्याच्या लेखनाचा दस्तऐवज म्हणून उपयोग ठरतो, आणि या बाबतीत मॅक्लीन यांची अचूकता असामान्य आहे.

मात्र याच अचूकतेमुळे कथेचा एक भाग आजच्या भक्तांची अडचण करतो. मॅक्लीन बंधू मासे मारतात. टोपली भरतात, ओल्या गवतात मासे मांडतात, कायद्याने घालून दिलेली कमाल संख्या गाठण्याची त्यांना ओढ आहे. पॉलचा शेवटचा विराट मासा ही तर ती संख्या पूर्ण करणारी शिकार आहे. पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची नीती त्या काळी नवी होती. ली वुल्फ या मासेमार-लेखकाने १९३९ च्या आपल्या पुस्तकात तिचा पुरस्कार केला आणि ती रुळायला आणखी तीन-चार दशके लागली. मोंटानात तिच्याइतकीच महत्त्वाची ठरली ती मॅडिसन नदीवरची जीवशास्त्रीय पाहणी. डिक व्हिन्सेंट यांच्या अभ्यासातून असे दिसले की पैदासकेंद्रातील ट्राउट नदीत सोडल्याने एकूण मासे वाढत नाहीत, उलट नदीत वाढलेले मासे कमी होतात. त्यानंतर १९७४ मध्ये मोंटानाने आपल्या नद्यांमध्ये पैदासकेंद्रातील मासे सोडणे थांबवले. माशांऐवजी पाण्याची आणि काठांची काळजी घ्यायची, हे धोरण येथून पुढे आले. ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ला शाश्वततेची कथा म्हणून वाचणारे या पुढच्या इतिहासाचा प्रकाश मागे टाकतात. कथेतील माणसे नदी वाचवू पाहत नाहीत, कारण ती धोक्यात असल्याचे त्यांच्या मनातही नाही. ती वाचवू पाहतात ते एका माणसाला, आणि तो वाचत नाही. जुगार, दारू आणि मारामारी यांत वाहत गेलेल्या पॉलला मदत कशी करावी, तो मदत घ्यायलाच तयार नसेल तर काय करावे, हाच कथेचा गाभा आहे. (मॅक्लीन यांचा धाकटा भाऊ पॉल याचा खून १९३८ मध्ये शिकागोत झाला, कथेत ते शहर येत नाही.)

मासा सोडून देण्याची नीतीदेखील आता अपुरी पडते आहे, हे ओघाने सांगितले पाहिजे. ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी तापले की झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. त्यामुळे पाण्याचे तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला पोचले की मोंटानाचे मत्स्यखाते दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी थांबवू शकते. अशा बंदीचे आदेश उन्हाळ्यात आता वारंवार निघतात.

पडद्यावरची दुसरीच नदी

रेडफर्ड यांच्या चित्रपटाला छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले आणि ते यथायोग्यच होते. पडद्यावर दिसणारी नदी मात्र ब्लॅकफूट नाही. मासेमारीची दृश्ये मुख्यतः गॅलटिन व इतर नद्यांवर चित्रित झाली आणि मिझुलाऐवजी लिव्हिंगस्टन हे गाव वापरले गेले, कारण १९९० च्या सुमारास खाणी, लाकूडतोड आणि गाळ यांनी पिचलेली ब्लॅकफूट स्वतःची भूमिका करण्याच्या अवस्थेत नव्हती. या बदलाकडे निर्मितीतील सोय म्हणून पाहता येते. समीक्षेच्या दृष्टीने त्याचे मोल अधिक आहे. चित्रपटाने नदीचे नाव ठेवले आणि पाणी बदलले. प्रेक्षकांच्या मनात त्यामुळे एका आजारी नदीच्या नावावर एका निरोगी नदीचे चित्र बसले. पटकथेने मूळ कथेतील काळही ताणून तिचे बालपणापासूनच्या आठवणींत रूपांतर केले, त्यामुळे स्मरणरंजन वाढले आणि निवेदकाची असहायता सौम्य झाली. तरीही चित्रपटाचा एक उपकार मान्य करावा लागतो. त्यामुळे आलेले कुतूहल आणि पैसा यांचा काही अंश खऱ्या ब्लॅकफूटच्या कामाला लागला.

उरलेल्या दोन कथा

संग्रहातील दुसरी कथा ‘लॉगिंग अँड पिंपिंग अँड युअर पाल, जिम’. ती घडते ब्लॅकफूटच्याच खोऱ्यात, अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या लाकूडतोडीच्या छावणीत, १९२० च्या दशकाच्या अखेरीस. निवेदक पदव्युत्तर शिक्षण घेणारा तरुण; उन्हाळ्यात तो जिम या छावणीतील सर्वोत्तम करवत्याचा जोडीदार होतो. दोघांनी दोन टोके धरून ओढायची लांब करवत हे या कथेचे मुख्य उपकरण आहे. जिम मुद्दाम वेग वाढवतो, निवेदक जिद्दीने टिकून राहतो, आणि दोघांमधला द्वेष त्या करवतीच्या पात्यावर मागेपुढे होत राहतो. श्रमाचे इतके शारीर चित्रण अमेरिकन कथेत विरळा आढळते. जिम स्वतःला समाजवादी म्हणवतो, कंपनीला शिव्या देतो आणि वाचनालयातली पुस्तके वाचतो. हिवाळ्यात तोच माणूस बायकांच्या कमाईवर जगतो. कथा त्याला माफ करीत नाही आणि शिक्षाही करीत नाही.

शीर्षककथेच्या शेजारी ही कथा ठेवली की ब्लॅकफूटचे रूप बदलते. ज्या खोऱ्यात धर्मोपदेशकाची मुले कृपा शोधत होती त्याच खोऱ्यात कंपनीची माणसे डोंगर उघडे करीत होती. कापलेले ओंडके खाली बॉनरच्या गिरणीकडे जात. एके काळी ते नदीतूनच वाहवले जात. बॉनरपाशी ब्लॅकफूट क्लार्क फोर्क नदीला मिळते. तेथे १९०८ मध्ये मिलटाउनचे धरण उभे राहिले आणि त्याच वर्षी जूनच्या महापुराने बुट व अ‍ॅनाकोंडा या खाणशहरांतला विषारी गाळ त्याच्यामागे आणून टाकला. तांबे, जंगल आणि नदी हे एकाच अर्थव्यवस्थेचे भाग होते. खाणीतल्या बोगद्यांना टेकू लागत, वीज लागे, आणि जंगल तोडणारी कंपनी तांबे काढणारीच होती. मॅक्लीन यांनी ही साखळी समजावून सांगितलेली नाही. परंतु त्यांनी दोन कथा शेजारी ठेवल्या, आणि ती मांडणी वाचकाने गंभीरपणे घेणे आवश्यक आहे. वयाच्या सत्तरीत पहिले पुस्तक रचणाऱ्या साहित्याच्या प्राध्यापकाने कथांचा क्रम सहज लावला असेल, हे संभवत नाही.

तिसरी कथा ‘यूएसएफएस १९१९’ या आद्याक्षरांनीच सुरू होते. ही आद्याक्षरे संघराज्य सरकारच्या वनसेवेची. निवेदक सतरा वर्षांचा आहे आणि वनसेवा चौदा वर्षांची. १९०५ मध्ये गिफर्ड पिंचो यांच्या नेतृत्वाखाली ती अस्तित्वात आली. १९१० च्या वणव्यात आयडाहो आणि मोंटानातील सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि आग विझवणे हेच तिचे प्रमुख काम होऊन बसले. कथेतील रेंजर बिल बेल हा पदवीधर वनशास्त्रज्ञ नाही. खेचरांवर ओझे बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. वाटा काढणे, आगी गाठणे, प्रसंगी मारामारी करणे ही त्याची पात्रता. सार्वजनिक जमीन ही संकल्पना येथे कागदावर नसून खेचराच्या पाठीवर आहे. उंच शिखरावर बसून आगीवर नजर ठेवणारा तो मुलगा, स्वयंपाक्याशी त्याचे न पटणे, छावणी सोडून एकट्याने डोंगररांग ओलांडण्याचा त्याचा हट्ट, हे सारे एका सरकारी खात्याच्या बाल्यावस्थेचे सर्वांत विश्वसनीय ललित चित्रण मानावे लागेल. याच खात्यातील दुसरा, भीषण अनुभव मॅक्लीन यांनी ‘यंग मेन अँड फायर’ या ग्रंथात हाताळला. मान गल्च येथे १९४९ मध्ये वणव्यात सापडून तेरा जण मेले, त्यांचा तो शोध. ग्रंथ लेखकाच्या मृत्यूनंतर, १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

पहिल्या कथेत कला, दुसरीत श्रम आणि तिसरीत सार्वजनिक सेवा, अशी वाटणी करण्याचा मोह होतो. पण ती फार सरळ होईल. तिन्ही कथांत एकच आस्था आहे : एखादे काम नीट करण्याची. काठी फेकणे, करवत ओढणे, खेचर लादणे यांचे वर्णन मॅक्लीन एकाच गांभीर्याने करतात. फरक असा की लाकूडतोड्याचे कौशल्य नदीचा नाश करते आणि मासेमाराचे कौशल्य त्या नाशाकडे पाहू शकत नाही. या संग्रहाची नैतिक गुंतागुंत येथे आहे, आणि फक्त पहिली कथा वाचणाऱ्याच्या ती हाती लागत नाही.

पुस्तकाबाहेरची ब्लॅकफूट

पुस्तक छापून येण्याच्या आदल्या वर्षी, जून १९७५ मध्ये, ब्लॅकफूटच्या उगमाजवळ माइक हॉर्स खाणीच्या टाकाऊ गाळाचा बांध फुटला. शिसे, जस्त आणि इतर धातू मिसळलेला तो गाळ नदीच्या वरच्या भागात पसरला आणि तेथील मासे नाहीसे झाले. कथेतील स्टोनफ्लायचे थवे वाचक प्रथम वाचत होते तेव्हा त्याच नदीचा माथा मृतप्राय होता.

पुढील काळात नदी बऱ्याच अंशी सावरली. ती कशामुळे सावरली, याचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकाला थोडे नम्र करणारे आहे. मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेने राज्यातील पाणी हे लोकांच्या उपयोगासाठी राज्याची मालमत्ता असल्याचे आणि स्वच्छ, आरोग्यदायी पर्यावरण हा नागरिकाचा हक्क असल्याचे घोषित केले. १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या नद्यांसंबंधीच्या दोन खटल्यांत निकाल दिला, की काठची जमीन खाजगी असली तरी वाहते पाणी वापरण्याचा जनतेचा हक्क अबाधित आहे. १९८५ च्या कायद्याने हा हक्क नित्याच्या पूररेषेपर्यंत निश्चित केला. खाजगी शेत तुडवून नदीवर जाता येत नाही; परंतु सार्वजनिक पुलावरून खाली उतरून पात्रातून चालत गेल्यास जमीनमालक अडवू शकत नाही. रूबी नदीवरील पुलांचा वाद २०१४ मध्ये पुन्हा त्याच न्यायालयात गेला, तेव्हाही निकाल जनतेच्या बाजूने लागला. या निकालांमागे लोकन्यासाचे तत्त्व आहे : पाणी, किनारे यांसारख्या वस्तूंचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे. अमेरिकेत १८९२ च्या इलिनॉय सेंट्रल खटल्यात ते प्रस्थापित झाले आणि १९७० मध्ये जोसेफ सॅक्स यांनी त्याचा पर्यावरणाच्या अंगाने विस्तार केला. भारतीय वाचकाला हे परके नाही. बियास नदीचा प्रवाह वळवण्याच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये याच तत्त्वाचा, सॅक्स यांच्या विवेचनासह, भारतीय कायद्यात स्वीकार केला.

ब्लॅकफूटच्या खोऱ्यात मात्र केवळ न्यायालयावर काम भागले नाही. मासेमारांच्या ‘ट्राउट अनलिमिटेड’ या संस्थेची स्थानिक शाखा आणि १९९३ मध्ये पशुपालक, लाकूड-कंपनी, सरकारी खाती व संवर्धक यांनी एकत्र येऊन स्थापन केलेले ‘ब्लॅकफूट चॅलेंज’ यांनी उपनद्या एकेक करून दुरुस्त केल्या : गुरांसाठी कुंपणे, कालव्यांच्या तोंडाशी मासे अडवणाऱ्या जाळ्या, बुजलेले प्रवाह मोकळे करणे. लिंकन गावाजवळ सायनाइड वापरून सोने काढण्याची प्रचंड उघडी खाण प्रस्तावित होती. १९९८ मध्ये मोंटानाच्या मतदारांनी ही पद्धतच बेकायदा ठरवली आणि २००४ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव फेटाळला. एके काळी अ‍ॅनाकोंडाचे असलेले जंगल आधी चॅम्पियन आणि मग प्लम क्रीक या कंपन्यांकडे गेले. २००८ मध्ये ठरलेल्या व्यवहारातून पश्चिम मोंटानातील प्लम क्रीकची सुमारे तीन लाख दहा हजार एकर जमीन संवर्धनसंस्थांनी विकत घेतली आणि तिचा मोठा भाग पुढे संघराज्य व राज्य सरकारच्या ताब्यात आला. दुसऱ्या कथेतील करवत जेथे चालली त्या मुलखाचा काही हिस्सा अशा रीतीने तिसऱ्या कथेतील खात्याकडे गेला. कथाकाराला असा योग जुळवण्याचे धाडस झाले नसते.

या यशाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. मिलटाउनच्या विहिरींत १९८१ मध्ये आर्सेनिक सापडले, १९८३ मध्ये हे स्थळ विषारी कचऱ्याच्या राष्ट्रीय यादीत गेले आणि २८ मार्च २००८ रोजी धरण फोडून दोन्ही नद्या मोकळ्या झाल्या. शंभर वर्षांनी मासे संगमातून वर जाऊ लागले. धरणामागचा सुमारे बावीस लाख घनयार्ड गाळ रेल्वेने उचलून अ‍ॅनाकोंडाजवळच्या, आधीच खाणीच्या गाळाने वेढलेल्या एका वस्तीशेजारी नेऊन टाकला गेला. त्या वस्तीचे नाव ऑपॉर्च्युनिटी, म्हणजे संधी. एका नदीचे सौंदर्य परत आणण्याची किंमत जी माणसे मासेमारीच्या पुस्तकात कधी येत नाहीत त्यांनी दिली. सौंदर्याच्या पायावर उभ्या असलेल्या निसर्गरक्षणाची ही मर्यादा आहे : सुंदर नदीला वाली मिळतो, कुरूप माळाला मिळत नाही. ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’च्या प्रभावाचे मूल्यमापन करताना ब्लॅकफूटबरोबर ऑपॉर्च्युनिटीही मोजली पाहिजे.

कथेतली अनुपस्थित माणसे

सेलिश भाषेत या संगमस्थळाचे नाव बुल ट्राउट या माशावरून आलेले आहे. खोऱ्यातून जाणारी वाट ही सेलिश लोकांची बायसनच्या शिकारीला जाण्याची जुनी वाट. मेरीवेदर लुइस १८०६ च्या जुलैमध्ये तिच्यावरूनच परतले. १८५५ च्या हेलगेट करारान्वये सेलिश, कूटनाय व पॉन दोरे यांनी विस्तीर्ण भूमी सोडली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. नदी सर्वांची असण्याबद्दलचा, आजही लागू असलेला हा या मुलखातला सर्वांत जुना लेखी करार म्हणता येईल. शीर्षककथेत याचा मागमूस नाही. आदिवासी अस्तित्व येते ते पॉलच्या शायेन मैत्रिणीच्या रूपाने, तेही हेलेनाच्या तुरुंगात, भावाच्या पतनाचे चिन्ह म्हणून. निवेदक तिचे वर्णन आपुलकीने करतो, तिच्या वंशाचा इतिहास त्याला ठाऊक आहे. परंतु तिला नदीवर येऊ दिले जात नाही. ब्लॅकफूटला ‘आमच्या कुटुंबाची नदी’ मानणाऱ्या निवेदकाला हे जाणवलेले दिसत नाही. डार्सी मॅकनिकल यांची ‘द सराउंडेड’ ही फ्लॅटहेड राखीव प्रदेशातील कादंबरी १९३६ ची, म्हणजे मॅक्लीन यांच्या कथाकाळाच्या अगदी आधीची. ही दोन पुस्तके एकाच अभ्यासक्रमात शेजारी ठेवल्याखेरीज मोंटानाच्या पाण्याबद्दल पुरेसे बोलता येणार नाही.

शीर्षककथेच्या अखेरीस पिता नदीकाठी बसून ग्रीक बायबल वाचत असतो. पाण्याच्या तळाशी शब्द आहे, आधी शब्द आणि मग पाणी, असे त्याला वाटते. पॉलला विचारले असते तर त्याने उलट सांगितले असते, असे निवेदक सुचवतो : शब्द पाण्यातूनच घडतात. पिता-पुत्रांतला हा मतभेद तत्त्वज्ञानाचा म्हणून वाचला गेला आहे. न्यायालयाचे निकाल, मतपत्रिकेवरील प्रस्ताव आणि करारातील कलमे पाहता पॉलची बाजू अधिक पटते. त्या खोऱ्यात टिकाऊ ठरलेले बरेच शब्द पाण्यावरून भांडतानाच लिहिले गेले.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये अर्थसंकल्पीय विधेयकाच्या आडून पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनींपैकी लाखो एकर विकण्याचा प्रस्ताव आला. मोंटानाच्या प्रतिनिधींच्या विरोधामुळे ते राज्य आधीच वगळले गेले होते. शिकारी, मासेमार आणि पदयात्री यांच्या संघटनांनी एकत्र विरोध केल्यावर महिना संपण्यापूर्वी प्रस्तावच मागे घेतला गेला. या वादाच्या संदर्भात संग्रहातील तिसरी कथा पुन्हा उघडावी. एल्क समिटच्या छावणीवरून रुसून निघालेला सतरा वर्षांचा मुलगा बिटररूट रांग चढतो आणि ब्लॉजेट दरीतून हॅमिल्टन गावाकडे उतरतो; अंतर सुमारे अठ्ठावीस मैल. त्याच्या बुटांबद्दल, पायांच्या फोडांबद्दल, रागाबद्दल मॅक्लीन तपशिलाने लिहितात. दरीच्या तोंडापर्यंत त्याला एकही कुंपण लागत नाही, कोणाची परवानगी विचारावी लागत नाही, आणि याची नोंद घेण्यासारखे काही आहे असे कथेला वाटत नाही.